चिऱ्याच्या खुराड्यात बारीक किडे, कोंबड्या आत जाईनात : औषधाच्या फवाऱ्याविना काय करता येईल?

खालचीवाडी :

नमस्कार मंडळी. घर रत्नागिरी जिल्ह्यात, खाडीकाठी. परसात पंधरा गावरान कोंबड्या आणि एक म्हातारा कोंबडा. खुराडं जांभ्याच्या चिऱ्यांचं, आतून गिलावा नाही, वर मंगलोरी कौलं. बसायला आडवे बांबू, खाली भाताचं तूस.

पावसाळा लागल्यापासून कोंबड्या तिन्हीसांजेला आत शिरायला तयार नसतात, आंब्यावर चढून बसतात. अंडी काढायला हात घातला की मनगटावर बारीक काहीतरी सळसळतं आणि मग खाज सुटते. दोघीतिघींच्या शेपटीखालची पिसं विरळ झालीत, उरलेल्या पिसांच्या बुडाशी पांढरट गुठळ्या दिसतात. एक खुडूक कोंबडी अंड्यांवरून मधेच उठली ती पुन्हा बसेना. कोंबड्याच्या पायांची खवलं उचलून पाय खडबडीत झालेत. अंडीही कमी झालीत.

रॉकेल लावा, तंबाखूचं पाणी मारा, झुरळांच्या खडूने आत रेघा ओढा, असं सगळं सांगून झालंय. एकाने जुनी गॅमेक्सिन पावडरही देऊ केली. अंडी घरातली लहान मुलं खातात, त्यामुळे यातलं काही नको. कडुलिंब, राख, तेल यांनी कितपत भागतं? प्रमाण आणि किती दिवसांनी परत करायचं तेही सांगा.


पिसारा :

तुम्ही लिहिलंय त्यात एक कीड नाही, निदान तीन आहेत, आणि तिघींची राहण्याची जागा वेगळी. सगळे उपाय फसतात ते इथेच.

पिसांच्या बुडाशी पांढऱ्या गुठळ्या म्हणजे उवांच्या लिखा. कोंबडीची ऊ पिवळट, तांदळाच्या कणीपेक्षा बारीक असते आणि पिसं बाजूला केली की कातडीवरून झपाझप पळते. तिचा सगळा जन्म कोंबडीच्या अंगावरच जातो, खाली पडली तर आठवडाभरही जगत नाही. लिखा फुटायला चार ते सात दिवस, लिखेपासून पूर्ण ऊ व्हायला साधारण तीन आठवडे.

संध्याकाळी आत न जाणं ही तांबड्या माइटची (गोचिडीच्या जातीतला अगदी बारीक किडा) खूण. हा दिवसा कोंबडीवर नसतोच. चिऱ्याच्या छिद्रांत, बांबूच्या पोकळीत, दांडी भिंतीला टेकते त्या सांध्यात लपतो, रात्री बाहेर येतो, अर्धा-एक तास रक्त पितो आणि परत भेगेत. उपाशी असताना करडा, पोट भरलं की लाल. उबदार हवेत अंड्यापासून पूर्ण वाढ आठवड्याभरात होते आणि रिकाम्या खुराड्यातही तो काही महिने तग धरतो. म्हणून ‘पंधरा दिवस खुराडं बंद ठेवा’ या सल्ल्यात दम नाही.

दिवसाउजेडी अंडी काढताना हातावर चढतो तो बहुधा घरट्यातला माइट. आपल्यासारख्या उष्ण दमट भागात हा नेहमीचा. तो कोंबडीवरही राहतो आणि घरट्याच्या पेंढ्यातही, शेपटीखालची पिसं काळपट मळकी करतो. चिमण्या, साळुंक्या, पारवे यांच्या घरट्यांतून तो येतो, तेव्हा कौलांखाली जुनी घरटी आहेत का ते आधी बघा. पिल्लं उडून गेलेलं रिकामं घरटं काढून जाळा.

पायांची खवलं उचलणारा चौथा, त्याचं वेगळं लिहितो.

खात्री करायची तर रात्री नऊ-दहाला बॅटरी घेऊन जा. पांढरा कागद किंवा जुन्या धोतराची पट्टी दांडीच्या खालच्या अंगाने दाबून फिरवा. लाल फराटे उमटले तर तांबडे माइट आहेत. मग दिवसा दोन कोंबड्या धरून शेपटीखाली, पंखाखाली आणि मानेवर पिसं उलटी करून बघा. तांबडे माइट सापडले आणि तुम्ही कोंबडीला तेल चोळत बसलात, तर रोग रेड्याला आणि औषध पखालीला.

नको म्हणालात ते बरोबरच आहे. रॉकेलने कातडी भाजते. तंबाखूतलं निकोटिन कातडीतून शिरतं आणि कोंबडी मरू शकते. खडूत असतं ते झुरळं मारायचं कृत्रिम कीटकनाशकच, कोंबड्या तो टोचून खातात. गॅमेक्सिन म्हणजे बीएचसी हे कीटकनाशक, त्याच्या पावडरीवर भारतात १९९७ पासून बंदी आहे. ती अंड्याच्या बलकात उतरते. पुडी घरातच ठेवू नका.


आडवा_वासा :

खुराड्याचं मी सांगतो. न गिलावलेला जांभा म्हणजे माइटसाठी हजार खोल्यांची चाळ. आणि बांबू त्याहून वाईट : पेर फुटलं की आतली पोकळी कुठल्याच ब्रशला सापडत नाही. कितीही कडुलिंब मारा, या दोन गोष्टी तशाच ठेवल्या तर महिन्याभरात पुन्हा तेच.

बांबू काढून जाळा. त्याऐवजी दोन इंची चौकोनी, रंधा मारलेली रीप घ्या, वरच्या कडा गोल करा. एका पक्ष्याला आठ इंच जागा धरा, म्हणजे सोळा पक्ष्यांना अकरा फूट लागतील. साडेपाच-सहा फुटांच्या दोन रिपा पुरे. दोन्ही एकाच उंचीवर ठेवा, नाहीतर वरच्या दांडीसाठी रोज भांडण आणि खालच्यांवर शीट.

महत्त्वाचं म्हणजे रीप भिंतीत खोचायची नाही. भिंतीपासून फूटभर लांब, स्वतःच्या चार पायांवर उभ्या घोडीवर ठेवायची आणि प्रत्येक पाय तेल घातलेल्या पत्र्याच्या डब्यात. तळणीचं उरलेलं तेल चालतं, दोन बोटं खोल. डब्याच्या वर पायाला पत्र्याची किंवा प्लास्टिकची झाकणी ठोका, नाहीतर तेलात शीट आणि तूस पडून पूल तयार होतो. घोडीला भिंत, जाळी, लोंबती दोरी, कशाचाही स्पर्श नको. एका सुतळीवरूनही माइट चालत जातात. रीप खिळ्याने ठोकू नका, खाचेत नुसती बसवा, म्हणजे दर आठवड्याला उचलून बाहेर काढून उकळतं पाणी ओतता येईल.

पहिली साफसफाई अशी : उघडीप मिळेल त्या दिवशी सकाळी सगळं तूस गोणीत भरून खुराड्यापासून लांब नेऊन जाळा, खताच्या खड्ड्यात नुसतं टाकू नका. भिंती तारेच्या ब्रशने झाडा. मग वरून खाली उकळतं पाणी. चिऱ्याच्या खोल छिद्रांसाठी ब्लो लॅम्प (जोराची ज्योत सोडणारा हातदिवा) उत्तम, भिंतीवरून सावकाश फिरवायचा. पण कौलांखालचे वासे आणि कोपऱ्यातलं कोळिष्टक-पेंढा बघून, पाण्याची बादली शेजारी ठेवून. सगळं वाळलं की दुसऱ्या दिवशी चुना.

एवढ्याने अंडी मरतातच असं नाही, म्हणून उकळतं पाणी आणि झाडणी पाच-सात दिवसांच्या अंतराने आणखी दोनदा. अंतर वाढवून पंधरा दिवसांवर नेलंत तर मधे फुटलेली पिल्लावळ अंडी घालून मोकळी होते.

चुन्याचं प्रमाण : कळीचा चुना एक किलो, पाणी पाच लिटर, मीठ मूठभर. चुना पाण्यात सोडायचा, पाणी चुन्यावर ओतायचं नाही, उकळी फुटून अंगावर येतं. प्लास्टिकची बादली नको, डोळ्याला चष्मा लावा. रात्रभर विरू द्या, गाळा, दाट ताकाइतकं करून कुंच्याने छिद्रांत कोंबून लावा. दोन हात द्या. खडखडीत वाळेपर्यंत कोंबड्या आत नकोत. पुढे दरवर्षी मे महिन्यात एकदा आणि दसऱ्यानंतर एकदा. पैसे जमले की आतून तीन फुटांपर्यंत सिमेंटचा गुळगुळीत गिलावा करून घ्या, तो एकदाच.


निर्गुडी :

कडुलिंबाची धुरी कोणी सांगितली नाही अजून! आमच्याकडे घरोघर पावसाळ्यात खुराड्यात कडुलिंबाचा पाला आणि शेणी जाळून धूर करतात. अंड्यांच्या पाटीतही तळाला राख, वर निर्गुडीचा पाला, मग पेंढा. सीताफळाच्या बियांची पूड उवांवर तर हमखास. हे सगळं फुकटात होतं, ब्लो लॅम्प कुठून आणायचा?


पिसारा :

निर्गुडीताई, पाटीतली राख आणि पाला मान्य, त्याचं खाली येतोच. धुरीने डास पळतात, भेगेतला माइट नाही. धूर भेगेत शिरत नाही. उलट कोंबडीच्या फुप्फुसांना जोडून हवेच्या पिशव्या असतात, बंद खुराड्यातला धूर तिला आपल्यापेक्षा फार लवकर बाधतो. करायचीच तर पक्षी बाहेर असताना करा आणि वारा खेळवून मग आत घ्या.

सीताफळाच्या बियांची पूड मात्र नकोच. ती उवा मारते हे खरं. पण डोळ्यात कण गेला तर बुबुळाला जखम होते, माणसाच्याही आणि कोंबडीच्याही. आणि धूळ झटकणारी कोंबडी ती पूड सगळ्यांच्या डोळ्यात उडवणारच.

कडुलिंब वापरायचा तर तेलाचा वापरा. एक लिटर कोमट पाणी, वीस मिली कडुलिंब तेल, दहा मिली भांड्यांचा पातळ साबण. तेल आणि साबण आधी एकत्र फेटायचे, मग थोडंथोडं पाणी. थेट पाण्यात तेल टाकलं की ते वर तरंगतं, पंप आधी नुसतं पाणी मारतो आणि शेवटी नुसतं तेल. मिश्रण त्याच दिवशी संपवा, ठेवून त्याचा गुण जातो. फवारणी रिपा, सांधे, घरट्याच्या खोक्याचे कोपरे इथे, सकाळी, म्हणजे सांजेपर्यंत वाळेल. साबणाचं पाणी माइटच्या अंगाला भिडलं तरच मारतं, त्यामुळे भेगा भिजेपर्यंत मारा. चुना मारलेल्या भिंतीवर मारू नका, चुना आणि तेल मिळून नुसती साबणाची साय होते.

उवांसाठी उपाय कोंबडीवर. लिखांच्या गुठळ्या असलेली पिसं बुडाजवळून कात्रीने कापा आणि जाळा. ओढून काढू नका, रक्त आलं की बाकीच्या टोचून टोचून जखम मोठी करतात. मग एक भाग कडुलिंब किंवा करंज तेल आणि चार भाग खोबरेल, यातलं अर्धा चमचा बोटांनी शेपटीखालच्या कातडीला आणि दोन्ही पंखांखाली. याहून जास्त नको, तेलकट पिसं पावसात अंगाला चिकटतात आणि कोंबडी गारठते. तेलाने लिखा मरत नाहीत, म्हणून दहाव्या आणि विसाव्या दिवशी पुन्हा, आणि सगळ्या सोळाच्या सोळा पक्ष्यांना एकाच दिवशी.

आता खरं प्रतिबंधाचं काम : धूळस्नान. कोंबडी स्वतः जे करते त्याची बरोबरी कुठलंच तेल करत नाही. पावसाळ्यात तुमच्याकडे उवा-माइट वाढतात त्याचं मोठं कारण हेच की चार महिने तिला लोळायला कोरडी जागा नसते. पडवीच्या वळचणीत किंवा पत्र्याखाली, झड येणार नाही अशा ठिकाणी ट्रकचे दोन जुने टायर ठेवा, किंवा दोन फूट बाय दोन फूट खोकी. आत आठ इंच भर. तीन घमेली चाळलेली कोरडी तांबडी माती, दोन घमेली बारीक वाळू, एक घमेलं चाळलेली लाकडाची राख. वाळू नदीची घ्या, खाडीची खारी वाळू ओल धरते. राखेचा वाटा वाढवू नका : ओली झाली की ती सौम्य कॉस्टिकसारखी वागते, पायाची कातडी फाटते. चुलीत प्लास्टिक जळत असेल तर ती राख अजिबात नको. माती उन्हाळ्यातच चाळून दोन गोणी भरून ठेवायची, श्रावणात कोरडी माती मिळत नाही.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रिव्हरसाइडमधल्या संशोधकांनी धुळीच्या खोक्यात डायटोमेशियस मातीची (सूक्ष्म शेवाळांच्या कवचांची) पूड, केओलिन (पांढरी चिनी माती) आणि गंधक यांची तुलना केली होती. वापरणाऱ्या कोंबड्यांवरची कीड तिन्हींनी आठवड्यात उतरली, पण गंधक सरस ठरलं. जी कोंबडी खोक्यात उतरलीच नाही तिच्यावरचीसुद्धा गेली. बाकी दोन्ही पुडींचा उपयोग खोकं भरलेलं असेपर्यंतच. त्याच गटाचं दुसरं निरीक्षण : चोच न कापलेल्या कोंबड्यांवर माइट खूप कमी, कारण त्या चोचीने पिसं नीट साफ करतात. गावरान कोंबडीची ही जमेची बाजू. चोच वेडीवाकडी वाढलेली कोंबडी असेल तर तिला आधी तपासा, कीड तिथेच सर्वांत जास्त सापडेल.


खालचीवाडी :

कागदाची चाचणी केली, फराटे उमटले. शेपटीखाली उवाही दिसल्या. रिपांचं काम सुताराला सांगितलं आहे. दोन शंका आहेत. गंधक कुठलं घ्यायचं? आणि डायटोमेशियस पूड ऑनलाइन दिसते, ती घ्यावी का? शिवाय आणखी एक कोंबडी खुडूक झाली आहे, तिला आत्ता बसवू का?


पिसारा :

गंधक दोन प्रकारचं मिळतं. पाण्यात कालवून फवारायचं, आंब्याच्या भुरीसाठी नेतात ते, यात इतर द्रव्यं असतात; ते नको. कोरडं धुरळायचं साधं गंधक हवं. एका टायरच्या भरीत पाव किलो पुरे, आणि टाकण्याआधी पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून घ्या. डोळ्यांना झोंबतं, मिसळताना तोंडाला फडकं बांधा, आगीपासून लांब ठेवा. गंधक जाळून धूर करायचा विचारही नको, तो वायू कोंबड्यांना मारतो.

डायटोमेशियस पूड घ्यायची तर खाद्य दर्जाची. जलतरण तलावाच्या गाळणीसाठी विकतात ती भाजलेली असते, फुप्फुसाला घातक. पण खरं सांगायचं तर कोकणातल्या पावसाळ्यात तिच्यावर पैसे घालू नका. ती किड्याच्या अंगावरचं मेणाचं आवरण खरवडून त्याला सुकवते, आणि हवेतच ओल भरलेली असेल तर तो सुकत नाही. दिवाळीनंतर रिपांच्या खाचांत भुरभुरायला ठीक.

खुडूक कोंबडीबद्दल निर्गुडीताई जास्त चांगलं सांगतील.


निर्गुडी :

आत्ता लगेच बसवू नका. खुडूक कोंबडी दिवसातून एकदा पाच-दहा मिनिटं, फार तर वीस मिनिटं उठते, त्यात खाणं-पिणं-शीट उरकते. धुळीत लोळायला वेळच नसतो. एकवीस दिवसांत घरट्यातल्या माइटच्या तीन पिढ्या होतात, म्हणून पहिल्या आठवड्यात काही दिसत नाही आणि पंधराव्या-सोळाव्या दिवशी कोंबडी अंडी टाकून उठते. तुमच्या पहिलीचं तेच झालं असणार.

आधी तिच्या उवा काढा, वर सांगितलंय तसं तेल लावा आणि त्यानंतर पाच-सहा दिवस जाऊ द्या. तेल ताजं असताना बसवलीत तर ते अंड्याच्या टरफलाला लागतं, छिद्रं बुजतात आणि आतला जीव गुदमरतो. एकदा बसली की पोटाखाली तेल लावायचंच नाही. तोवर तिला तांदूळ ठेवलेल्या टोपलीत दोन-तीन खोटी अंडी, नाहीतर पिंगपाँगचे चेंडू द्या, खुडूकपण टिकतं.

बसवायची जागा खुराड्यात नको, पडवीत वेगळी. बांबूच्या पाटीपेक्षा प्लास्टिकची पाटी बरी, दिसायला नसेल पण उकळत्या पाण्याने धुता येते. तळाला दोन बोटं चाळलेली कोरडी राख, त्यावर सावलीत वाळवलेला निर्गुडी नाहीतर कडुलिंबाचा पाला, वर नवा कोरडा पेंढा. हिरवा पाला घालू नका, अंड्यांच्या उबेने तो कुजतो आणि बुरशी धरतो. दहाव्या दिवशी ती उठली की अंडी उबदार फडक्यात काढून पेंढा-पाला बदला आणि जुना जाळा. दहा मिनिटांत उरकलं तर अंड्यांना काही होत नाही. अठराव्या दिवसानंतर हात लावू नका. पाटीशेजारी टोपलीभर कोरडी माती ठेवा, ती उठली की तिथेच लोळून घेते.

पिल्लं निघाली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी डोक्यावरची लव बघा. आईच्या उवा थेट तिथे चढतात, आणि चार उवाही पिल्लाला मलूल करतात. खोबरेलाचा एक थेंब बोटावर घेऊन टाळूला पुसायचा. कडुलिंब तेल पिल्लांना नको.


माळरान :

सोलापूरकडून एक पुरवणी. इकडे कोरड्या पट्ट्यात माइटपेक्षा कोंबडीची गोचीड जास्त. चपटी, वांग्याच्या बीपेक्षा बरीच मोठी, निळसर-करडी, दिवसा दगडी भिंतीच्या सांध्यात आणि सालपटं निघालेल्या लाकडात. वर्षभराहून जास्त उपाशी राहू शकते. तिची बारीक पिल्लं मात्र दिवसाही पंखाखाली चिकटलेली सापडतात. उपाय तोच, सांधे बुजवणं, चुना, ब्लो लॅम्प. पण कोंबडी एकाएकी मलूल, हिरवी पातळ शीट, पाय लुळे असं दिसलं तर घरगुती उपाय सोडून त्याच दिवशी पशुवैद्य गाठा. गोचिडीतून रक्तात जंतू जातात, तिथे करंज तेलाचं काही चालत नाही.


पिसारा :

कोंबड्याचे पाय राहिले. खवलांखाली बीळ करून राहणारा हा माइट डोळ्याला दिसत नाही. कोमट साबणाच्या पाण्यात पाय दहा मिनिटं बुडवून धरा, मऊ टूथब्रशने वरून खाली घासा, टॉवेलने कोरडे करा, मग खोबरेल किंवा व्हॅसलिन जाड थराने, बोटांच्या बेचक्यांतही. कातडीची हवा कोंडली की किडा मरतो. दर दोन-तीन दिवसांनी, तीन ते चार आठवडे. खवलं नखाने उपटायची नाहीत, खालून रक्त येतं. पाय लगेच गुळगुळीत होणार नाहीत; उचललेली खवलं पुढच्या पीसगळीलाच बदलतात, त्यामुळे ‘गुण नाही’ म्हणून आठवड्यात सोडू नका. तो ज्या दांडीवर बसतो तिथल्या कोंबड्यांच्याही पायांना तेवढे दिवस तेल लावा.

आठवडी बाजारातून नवी कोंबडी आणाल तेव्हा तीन आठवडे वेगळी ठेवा, पहिल्याच दिवशी शेपटीखाली बघा. आणि सगळं नीट करूनही तुरा पांढरा पडत चालला, कोंबडी रक्त कमी होऊन बसून राहिली, तर पशुवैद्याकडून औषध घ्यायला संकोच नको. फक्त अंडी किती दिवस खायची नाहीत ते विचारून त्या कोंबडीची अंडी वेगळी काढा.


खालचीवाडी :

तेलाच्या डब्यांत पावसाचं पाणी शिरलं तर?


आडवा_वासा :

तेल वर तरंगतं, म्हणून थोडं शिरलं तर काम चालू राहतं. डबा भरून वाहिला की मात्र आधी तेलच जातं. दर रविवारी रीप उचलताना डबे रिकामे करून पुसा, नवं तेल घाला. खुराड्यात पाणी येतंय म्हणजे कौल सरकलंय, ते आधी बसवा. ओलं तूस राहिलं तर वरचं सगळं वाया.